ऐंशी अडवले, तीन गेले

माझा मुलगा गोलकीपर आहे. बर्फावरच्या हॉकीतला. आमच्या घराण्यात बर्फाशी संबंध आला तो गणेशोत्सवात सरबतापुरता, आणि हा बारा वर्षांचा पोरगा आठवड्यातून चार दिवस पायाला पॅड बांधून, तोंडावर जाळीचा मास्क चढवून बर्फावर उभा राहतो आणि बाकीची पोरं त्याच्या दिशेने कडक रबराची चकती भिरकावतात. त्यासाठी पैसे आम्ही भरतो. त्याच्या सामानाची बॅग गॅरेजमध्येच राहते, घरात आणायची सक्त मनाई आहे. पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना मी अधिक काही सांगायला नको.

गेल्या मोसमात निवड चाचणीत त्याला वरच्या संघात जागा मिळाली नाही. तिसऱ्या, म्हणजे सी संघात टाकलं. यादी रात्री ईमेलने आली. त्याने ती वाचली, फोन पालथा ठेवला आणि दात घासायला गेला. रडला असता तर बरं झालं असतं. पुढची निवड ऑक्टोबरात होती आणि ऑगस्ट उजाडला तरी तो त्याबद्दल बोलत नव्हता. त्यात माझे बाबा गोव्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. एका शनिवारी मी दोघांनाही गाडीत घातलं आणि मिनियापोलिसहून उत्तरेला निघाले. साधारण तीनशे किलोमीटरवर एव्हलेथ नावाचं गाव आहे, तिथे अमेरिकेचं राष्ट्रीय हॉकी हॉल ऑफ फेम आहे, म्हणजे हॉकीतल्या थोरांना मान देणारं संग्रहालय. पत्ता : ८०१, हॅट ट्रिक अ‍ॅव्हेन्यू. रस्त्याला एखाद्या पुढाऱ्याचं नाव द्यायचं सोडून एकाच सामन्यातल्या तीन गोलांचं नाव देणारं गाव बघायलाच हवं, असं मला वाटलं.

बाबांना हॉकी माहीत होती ती ध्यानचंदांची. नातवाचा एक सामना बघून आल्यावर त्यांनी घरी एकच वाक्य उच्चारलं होतं, "ही हॉकी न्हय, हें युद्ध." आमच्याकडे डिचोलीला घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत. बाबा रागावले किंवा खूश झाले की कोकणीत शिरतात. त्या दिवशी नक्की काय होतं ते कळलं नाही.

शहर सोडून उत्तरेकडे जाताना अर्ध्या तासात फॉरेस्ट लेक लागतं. तिथे मला नेहमी हर्ब ब्रुक्स आठवतात. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, लेक प्लॅसिडला, कॉलेजवयीन पोरांचा अमेरिकन संघ घेऊन ज्यांनी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं ते प्रशिक्षक. सोव्हिएत संघाने त्याआधीची सलग चार सुवर्णपदकं नेली होती. त्या २२ फेब्रुवारीच्या सामन्याला इथे सरळ 'चमत्कार' म्हणतात, विशेषण लावायची गरज कुणाला वाटत नाही. हे ब्रुक्स ११ ऑगस्ट २००३ ला याच रस्त्यावर, फॉरेस्ट लेकजवळ, गाडीच्या अपघातात गेले. येत होते उत्तरेकडूनच. ज्या हॉल ऑफ फेमला आम्ही निघालो होतो त्याच्याच मदतीसाठी भरवलेल्या गोल्फच्या कार्यक्रमाहून.

हे मी मुलाला सांगितलं नाही. त्याऐवजी दुसरी गोष्ट सांगितली. १९६० च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ निवडला गेला तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी ज्याला वगळलं तो खेळाडू हर्ब ब्रुक्स होता. आणि त्या संघाने सुवर्ण जिंकलं, त्याच्याशिवाय. मागच्या सीटवरून थोड्या वेळाने आवाज आला, "आई, तू हे मुद्दाम सांगतेयस ना?"

हो. मुद्दामच.

क्लोकेपासून रस्ता बदलला आणि पाइनची झाडं दाट झाली. मग एका वळणानंतर क्षितिजावर सपाट माथ्याच्या टेकड्या दिसायला लागल्या. इतका वेळ पेंगणारे बाबा ताठ बसले. "ह्यो टेकड्यो न्हय," ते म्हणाले, "हें डंप."

बाबा पस्तीस वर्षं खाणीवर होते. काट्यावर. म्हणजे भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढवायचा, वजन नोंदवायचं, खेप मांडायची. डिचोलीत वाढलेल्या माणसाला खाणीची माती निवडून बाजूला टाकलेल्या डोंगराचा आकार लांबूनही ओळखता येतो. देवाने केलेल्या डोंगराला इतका नीट उतार नसतो. मला हे कळायला हवं होतं. एव्हलेथ मेसाबी रेंजवर आहे हे मी वाचलं होतं, मेसाबी हा ओजिब्वे भाषेतला महाकाय पुरुषासाठीचा शब्द आहे हेही वाचलं होतं, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं लोहखनिजाचं क्षेत्र आहे हेही. पण मी हॉकी बघायला निघाले होते, त्यामुळे ते वाचलेलं कुठेतरी मागे पडलं. बाबांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेची माती लाल होती. आमची लाल. त्यांनी वाकून एक खडा उचलला, अंगठ्याने पुसला, अंगठा माझ्यासमोर धरला.

"हें आमचेंच रे!"

नातवाने विचारलं, आमचं म्हणजे काय? पुढचा अर्धा तास गाडीत हॉकी नव्हतीच. लंप्स म्हणजे खनिजाचे खडे आणि फाइन्स म्हणजे भुगा, ग्रेड म्हणजे काय, मांडवीतून बार्ज कसे मुरगावला जायचे, पावसाळ्यात खाण का बंद असायची, उन्हाळ्यात दोरीवरचे पांढरे सदरे संध्याकाळपर्यंत गुलाबी का व्हायचे. आणि २०१२ मध्ये खाणबंदी आली तेव्हा एका दिवशी सगळे ट्रक कसे थांबले. बाबा तोवर निवृत्त झाले होते, पण त्या वर्षी दारांपुढे उभ्या राहिलेल्या रिकाम्या टिपरांच्या रांगा त्यांनी मोजल्या होत्या. मोजणं हा त्यांचा स्वभावच.

एव्हलेथची वस्ती आज साडेतीन हजारांच्या आसपास आहे. १८९३ मध्ये गाव वसलं, आणि थोड्याच वर्षांत लक्षात आलं की गावाखालीच खनिज आहे. मग काय करणार? गाव हलवलं. १९०० मध्ये शंभरेक इमारती उचलून आताच्या जागी आणून ठेवल्या. हे ऐकून बाबा म्हणाले की आमच्याकडेही लोक हलवले, फक्त घरं नाही आणली मागून. त्यावर मी काही बोलले नाही.

गावात शिरल्यावर आधी दिसते ती काठी. मुख्य रस्त्यालगत उभी केलेली, ११० फूट लांबीची, पाच टन वजनाची लाकडी हॉकी स्टिक, आणि तिच्याजवळ सातशे पौंडांची चकती. आधीची थोडी आखूड होती, १०७ फुटांची, ती खराब झाल्यावर २००२ मध्ये ही आली. गावाचा दावा आहे की स्वतःच्या पायावर उभी असलेली जगातली सगळ्यात मोठी स्टिक हीच. 'स्वतःच्या पायावर' हे शब्द महत्त्वाचे, कारण कॅनडातल्या डंकन गावी एक्स्पो ८६ या प्रदर्शनासाठी घडवलेली स्टिक २०५ फुटांची होती, पण ती इमारतीला टांगलेली. असे बारकावे काढून पहिला नंबर राखणारी माणसं मला फार जवळची वाटतात. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या जत्रेचं असंच असतं.

म्युझियम मात्र गावाच्या कडेला, हमरस्त्याजवळ. तुम्ही टोरोंटोचं हॉकी हॉल ऑफ फेम पाहिलं असेल तर तो थाट इथे शोधू नका. तिथे जुन्या बँकेची १८८५ सालची इमारत, रंगीत काचांचा घुमट आणि स्टॅनले कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीचा सर्वोच्च करंडक. इथे साध्या बांधणीची तीन मजली वास्तू, पार्किंगमध्ये आमची धरून सहा गाड्या. १९६८ मध्ये गावातल्याच लोकांनी समिती नेमली, तिच्या पुढाकारात टॅकोनाइट, म्हणजे हलक्या प्रतीचं लोहखनिज, काढणाऱ्या कंपनीतला एक अधिकारी होता, आणि २१ जून १९७३ ला दार उघडलं. पहिल्या वर्षी पंचवीस जणांना मान मिळाला.

राष्ट्रीय हॉल आणि तो न्यूयॉर्कला नाही, बॉस्टनला नाही, हे कसं? आत शिरल्यावर याचं उत्तर मिळतं. पहिल्या पंचवीस जणांत या एका गावच्या शाळेत आणि गल्लीत वाढलेले किती आहेत ते मोजायला लागावं : फ्रँक ब्रिमसेक, माइक काराकस, सॅम लोप्रेस्टी, जॉन मारियुची, शिवाय शाळेचे प्रशिक्षक क्लिफ थॉम्पसन. थॉम्पसन सरांच्या शाळा-संघाने ५३४ सामने जिंकले आणि २६ हरले. ते आकडे मी दोनदा वाचले, उलटसुलट छापलेत की काय म्हणून. त्यांच्या हाताखालचा जॉन मेयासिच हा १९५१ च्या एका राज्य स्पर्धेत पंधरा गोल करून गेला. पुढे त्याने ऑलिंपिकचं रौप्य आणि सुवर्ण दोन्ही मिळवलं, पण एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. नोकरी केली. माझ्या मते या इमारतीतला सगळ्यात मोठा खेळाडू तोच असावा, पण हे मत एका सी संघातल्या गोलकीपरच्या आईचं आहे.

मुलगा झांबोनी यंत्रापाशी रेंगाळला. बर्फ तासून, धुऊन, गुळगुळीत करणारं ते ट्रॅक्टरसारखं बोजड यंत्र, कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये बनवलेलं. त्याआधी तीन-चार माणसं तासाहून जास्त राबायची. झांबोनींनाही २००९ मध्ये इथे मान मिळाला. आजोबांना ते यंत्र फार आवडलं. खेळाडूंच्या रांगेत मशीनवाल्याला बसवलं ही गोष्ट त्यांना योग्य वाटली. काट्यावरच्या माणसालाही कुणीतरी बसवायला हवं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

आणि मग लोप्रेस्टींच्या फोटोपाशी आम्ही तिघं थांबलो, ते पुढचा बराच वेळ हललोच नाही.

४ मार्च १९४१. शिकागो विरुद्ध बॉस्टन. शिकागोच्या जाळीपुढे सॅम लोप्रेस्टी. त्या एका सामन्यात बॉस्टनने त्याच्यावर त्र्याऐंशी फटके मारले. त्याने ऐंशी अडवले. हा विक्रम आजही टिकून आहे. तेव्हा मास्क नव्हता. तोंडावर जाळी लावायची पद्धत एनएचएलमध्ये रुजायला १९५९ उजाडावं लागलं, जॅक प्लांट नावाच्या गोलकीपरचं नाक फुटल्यावर. म्हणजे साठ मिनिटं, त्र्याऐंशी वेळा, उघड्या चेहऱ्याने. मुलाने फोनवर हिशेब केला. "त्रेचाळीस सेकंदांना एक," तो म्हणाला. आणि मग, "जिंकले ना?"

नाही. शिकागो ३-२ ने हरलं.

त्याने पुन्हा वाचलं. मी त्याच्याकडे बघत होते. निवडीची यादी वाचताना होता तसाच चेहरा, फक्त या वेळी फोन पालथा घातला नाही.

गंमत पुढेच आहे. समोरच्या टोकाला, बॉस्टनच्या जाळीपुढे कोण होता? फ्रँक ब्रिमसेक. तोही एव्हलेथचा. एकमेकांपासून हजारेक मैलांवरच्या दोन महानगरांचे संघ, आणि बर्फाच्या दोन्ही टोकांना एकाच खाणगावातली दोन पोरं. ब्रिमसेक आधीच नावाजलेला, १९३८-३९ च्या पहिल्याच मोसमात दहा सामन्यांत एकही गोल होऊ न दिलेला, म्हणून 'मिस्टर झीरो'. वाडीतली दोन पोरं मुंबईत रणजीच्या सामन्यात एकमेकांसमोर यावीत तसं. त्या रात्री गावात रेडिओला कान लावून बसलेल्यांनी नक्की कुणासाठी प्रार्थना केली असेल?

लोप्रेस्टी एनएचएलमध्ये जेमतेम दोन मोसम खेळले. युद्ध आलं, ते नौदलात गेले. १९४३च्या फेब्रुवारीत त्यांचं जहाज पाणतीराने बुडालं आणि एका लाइफबोटीत ते बेचाळीस दिवस दक्षिण अटलांटिकमध्ये तरंगत राहिले, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ सापडेपर्यंत. वाचले. परत आले. त्यांचा मुलगा पीटही पुढे मिनेसोटाच्या संघाचा गोलकीपर झाला. बाबांनी हे सगळं मला मराठीत सांगायला लावलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "बेचाळीस दीस उदक कितें पियेले?" मला माहीत नव्हतं. ब्रिमसेक निवृत्त झाल्यावर काय करत होते, तेही बाबांनी विचारलं. ते याच भागात रेल्वेचं इंजिन चालवत होते. दोनदा स्टॅनले कप जिंकलेला माणूस खनिजाच्या मुलखात आगगाडी चालवतो, यात बाबांना काहीच नवल वाटलं नाही. "पगार बरा असतलो," ते म्हणाले.

एवढ्याशा गावात एवढे गोलकीपर का? थंडी हे उत्तर पुरत नाही. थंडी तर शेजारच्या सगळ्या गावांना आहे. उत्तराचा निम्मा भाग पैशात आहे. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली, फिनलंडहून आलेले मजूर खाणीत उतरले, आणि गावांनी कंपन्यांच्या खनिजावर कर बसवला. खनिज काही उचलून दुसरीकडे नेऊन लपवता येत नाही, ते जमिनीत असेपर्यंत त्यावर कर लागतो. त्या करातून या रेंजवरच्या गावांनी राजवाड्यासारख्या शाळा बांधल्या. एव्हलेथने १९२२ मध्ये हिप्पोड्रोम नावाचं बंदिस्त बर्फाचं मैदान सुरू केलं. खाणकामगाराच्या पोराला छपराखालचा बर्फ मिळाला, तोही राजधानीतल्या श्रीमंत पोरांच्या बरोबरीने किंवा आधीच. पुढे उत्तम प्रतीचं खनिज संपलं. आता इथे टॅकोनाइट काढतात, ज्यात लोह जेमतेम तीस टक्क्यांच्या आत. दळून, लोहचुंबकाने वेचून त्याच्या गोळ्या करतात. बाबांनी 'तीस टक्के' ऐकून मान हलवली. आमच्याकडे पंचावन्नच्या खालचं फेकून देत असत, ते म्हणाले.

मी तेव्हा त्यांना जरा टोचूनच विचारलं, आपल्या खाणीने मागे काय ठेवलं? आटलेल्या विहिरी, दम्याची औषधं आणि पाण्याने भरलेले खड्डे. कुठे आहे आपलं हिप्पोड्रोम? बाबा फोटोकडे बघत राहिले. "तुझें इंजिनिअरिंग," ते म्हणाले. मग मराठीत, सावकाश, जणू नोंदवहीत लिहितायत असं, "चार वर्षांची फी. काट्यावरच्या पगारातून."

वरच्या मजल्यावर १९८०चा विभाग आहे. तिथे गर्दी, म्हणजे आमच्याशिवाय अजून एक कुटुंब. त्या सामन्यातला निर्णायक गोल माइक एरुझिओनीने केला, हे इथल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. त्याच्याकडे चकती दिली मार्क पॅव्हेलिचने. पॅव्हेलिच एव्हलेथचा. लाजरा, चणीने लहान, मासेमारीत रमणारा माणूस. गाजावाजा त्याला सोसायचा नाही. २०१४ मध्ये त्याचं ते सुवर्णपदक लिलावात २ लाख ६२ हजार ९०० डॉलरला गेलं. शेवटची वर्षं फार वाईट गेली, मारहाणीचा गुन्हा, उपचारकेंद्र, आणि २०२१ मध्ये मृत्यू. नंतर मेंदूची तपासणी झाली तेव्हा डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी होणारा आजार निघाला. मी फोटोतल्या त्या हसऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाकडे बघत होते आणि माझा हात माझ्या मुलाच्या डोक्यावर केव्हा गेला ते मला कळलं नाही. त्याने तो झटकला. लोक बघतात, म्हणाला.

हेल्मेट बदलायची तारीख मी परत आल्यावर तपासली. एवढंच.

बायकांचा विभाग मी भराभर पाहिला याची आता चुटपुट लागते. कॅमी ग्रॅनाटो २००८ मध्ये इथे मान मिळालेली पहिली स्त्री, पुढच्या वर्षी नागानो ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणारा १९९८चा अख्खा संघ. पंचवीस जणांपासून सुरुवात होऊन बाईचं नाव यायला पस्तीस वर्षं.

एक गोष्ट मला खटकली. २००७ पासून मान कुणाला द्यायचा हे राष्ट्रीय हॉकी संघटना ठरवते आणि सोहळाही तीच करते, दर वर्षी वेगळ्या शहरात. बॉस्टन, शिकागो, डॅलस. नावं मात्र इथे येऊन लागतात. म्हणजे देव एव्हलेथला आणि पालखी डॅलसला. पैसा तिकडे आहे, हॉटेलं तिकडे आहेत, हे मला कळतं. साडेतीन हजार वस्तीच्या गावात हजार पाहुणे उतरवणार कुठे? तरीही, एकदा तरी प्रत्येकाने हमरस्ता सोडून या लाल मातीत पाय ठेवावा, अशी अट घालायला काय हरकत होती.

निघताना गावातल्या बेकरीतून पोटीत्सा घेतला, स्लोव्हेनियन बायकांनी इथे आणलेला अक्रोडाचा रोल. पोळीसारखा पातळ लाटलेला, सारण पसरून गुंडाळलेला. बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि नारळ घातला असता तर बरं झालं असतं असं जाहीर केलं. मग लिओनायडस नावाच्या जुन्या डंपवर गाडी नेली, तिथून चालू खाण दिसते. खाली खेळण्यांएवढे ट्रक वळणं घेत होते. बाबा कठड्याला टेकून त्यांच्या खेपा मोजत राहिले. सकाळचा खडा खिशातून काढून त्यांनी तळहातावर झुलवला. "अठ्ठावन्न," ते पुटपुटले. त्यात लोह किती हे हाताने सांगायची त्यांची ही जुनी सवय, आणि बहुधा बरोबरच असावं.

घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते, उजेड होता. मी कुकर लावला. बाहेरून धप्प-धप्प आवाज येऊ लागला म्हणून खिडकीतून पाहिलं तर मुलगा पॅड, मास्क चढवून गॅरेजच्या दारापुढे उभा, आणि बारा पावलांवरून आजोबा टेनिसचे चेंडू फेकताहेत. लुंगी नव्हे, पण जवळजवळ त्याच पवित्र्यात. प्रत्येक चेंडूनंतर ते वाकून फरशीवर खडूने रेघ ओढत होते. अडवला तर डावीकडे, गेला तर उजवीकडे. चार उभ्या, पाचवी आडवी. काट्यावर ट्रकच्या खेपा अशाच मांडायचे.

मी जेवायला हाक मारली.

"त्र्याऐंशी जातकच," बाबा म्हणाले.

उजवीकडे रेघा बऱ्याच होत्या. मी मोजल्या नाहीत. वरण पुन्हा गरम करायला ठेवलं आणि गॅरेजवरचा दिवा लावला.